पादचाऱ्याच्या डोळ्यांपुढील संकेत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगातील रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे प्राणास मुकली आणि त्यांतील २३ टक्के माणसे पायी चालणारी होती. आपल्या केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ सालाविषयी जी नोंद प्रसिद्ध केली तीत १,६८,४९१ मृतांपैकी ३२,८२५ पादचारी आहेत. म्हणजे ज्यांच्या हाती कोणतेही यंत्र नव्हते आणि ज्यांच्यापासून कोणाच्याही जिवाला धोका नव्हता, अशी सरासरीने ९० माणसे त्या वर्षी या देशातील रस्त्यांवर दररोज मेली. वाहनाच्या आत बसलेल्याच्या रक्षणाकरिता आसनपट्टा, एअरबॅग, धक्का शोषून घेणारा सांगाडा अशी एकामागून एक साधने सिद्ध झाली. वाहनाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला मात्र रस्त्यावरचे पांढरे पट्टे, खांबावरचा दिवा आणि स्वतःची नजर यांपलीकडे फारसे काही आले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील काही संशोधकांनी अलीकडे जी तजवीज मांडली आहे, ती अशी की पादचाऱ्याच्या डोळ्यांवर एक चष्मा असावा आणि समोरून येणारे वाहन थांबणार आहे की नाही, हे त्या चष्म्याने प्रत्यक्ष रस्त्याच्या दृश्यावरच चित्र उमटवून त्याला सांगावे.

या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, असे म्हणतात. डोक्यावर बसवून पाहण्याचे पहिले संगणकीय दृश्ययंत्र आयव्हन सदरलँड यांनी १९६८ च्या सुमारास अमेरिकेत तयार केले. या तंत्राचे आजचे नाव मात्र बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी १९९० मध्ये, विमानाच्या तारा जोडणाऱ्या कामगारांना मार्गदर्शक आकृती डोळ्यांपुढे दिसाव्यात या खटपटीत असताना, रूढ केले. पुढे १९९७ साली रोनाल्ड अझुमा यांनी आपल्या आढाव्यात या तंत्राची तीन लक्षणे सांगितली: खरे आणि काल्पनिक यांचे मिश्रण असावे, ते तत्क्षणी प्रतिसाद देणारे असावे, आणि काल्पनिक वस्तू खऱ्या जगातील आपल्या जागी तिन्ही परिमाणांत नेमकी बसलेली असावी. या तिसऱ्या लक्षणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण कारखान्यात आकृती बोटभर सरकली तर तार चुकीच्या जागी लागेल आणि पुन्हा काढता येईल. रस्त्यावर ती वाहनभर सरकली तर दुरुस्तीला अवकाश राहत नाही.

हा प्रश्न आजच का उद्भवला, याचे उत्तर चालकाविना धावणाऱ्या वाहनांत आहे. चालक असतो तोवर पादचारी त्याच्याकडे पाहतो, तो मान हलवतो किंवा हात दाखवतो आणि दोघांत एक करार होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चालकच नाहीसा झाला तर हा करार कोणाशी करावयाचा, अशी शंका त्यातून निघाली आणि तिच्यावर संशोधनाचा मोठा डोलारा उभा राहिला. माझ्या मते ही समजूत तपासून पाहणे हेच या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाचे काम ठरले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, नेहमीच्या प्रकाशात १५ मीटर अंतरावरून चालकाची नजर कोणीकडे आहे हे नव्वद टक्क्यांहून अधिक माणसांना ओळखता येत नाही, आणि ३० मीटरवरून तर चालक मुळी दिसतच नाही. युरोपीय संशोधकांनी अथेन्स, लीड्स आणि म्यूनिक या तीन शहरांतील चौकांचे निरीक्षण केले तेव्हाही त्यांना हेच आढळले की हातवारे, दिव्यांची उघडझाप, भोंगा असे स्पष्ट संकेत माणसे क्वचितच वापरतात. पादचारी पाहतो तो वाहनाचा वेग, त्याचे अंतर आणि ते मंदावते आहे की नाही, एवढेच. पुण्याच्या वा मुंबईच्या रस्त्यावर हाताचा तळवा पुढे करून वाहनांच्या ओघात शिरणारा आपला पादचारी या निष्कर्षाला अपवाद वाटेल. परंतु तोही पाऊल टाकतो ते समोरच्या रिक्षाचा वेग उतरल्याचे दिसल्यावरच, तळवा केवळ त्या उतरत्या वेगाला दुजोरा देतो.

तरीही चालकाच्या जागी काहीतरी बोलके हवे, या कल्पनेने वाहन-उद्योगाला काही काळ झपाटून टाकले होते. मर्सिडीझ कंपनीने २०१५ साली एफ ०१५ नावाची प्रायोगिक गाडी मांडली. ती थांबल्यावर पुढच्या रस्त्यावर लेझरच्या प्रकाशाने झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे उमटवीत असे. स्वीडनच्या सेमकॉन कंपनीने २०१६ मध्ये गाडीच्या पुढच्या जाळीवर स्मितरेषा दाखवली. जॅग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये छोट्या स्वयंचलित वाहनांना मोठे डोळे बसवले, जे पादचाऱ्याकडे वळून पाहत. फोर्ड कंपनीने व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या परिवहन संस्थेबरोबर २०१७ मध्ये जो प्रयोग केला त्यात खऱ्या चालकाला आसनाच्या आकाराचा पोशाख चढवून, गाडी रिकामी धावत असल्याचा आभास निर्माण करून, काचेवरच्या प्रकाशपट्टीकडे लोक कसे पाहतात याचे निरीक्षण केले गेले. २०२० साली संशोधक डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाह्य संकेतरचनांची मोजदाद केली तेव्हा ७० निरनिराळ्या कल्पना हाती लागल्या, आणि त्यांत एकवाक्यता अशी नव्हतीच.

या बाह्य संकेतांची मुख्य अडचण अशी की ते कोणाला उद्देशून आहेत हे कळत नाही. गाडीच्या कपाळावर ‘आपण जावे’ असे उमटले, तर ते उजवीकडच्या वृद्धेला उद्देशून आहे की डावीकडच्या सायकलस्वाराला, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा. दुसऱ्या मार्गिकेतील वाहनाने अशी कोणतीही हमी दिलेली नसते, आणि नेमक्या त्याच मार्गिकेत मृत्यू असू शकतो. शिवाय हिरवा रंग दिसला तर तो गाडीला मोकळीक आहे की पादचाऱ्याला, हा संभ्रम राहतोच. म्हणून वाहतुकीत अन्यत्र न वापरलेल्या निळसर-हिरव्या रंगाकडे पुष्कळांचा कल झाला, आणि मर्सिडीझला २०२३ च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांत तशा दिव्यांची परवानगीही मिळाली. तो दिवा मात्र ‘वाहन आपोआप चालले आहे’ एवढेच सांगतो, पादचाऱ्याला हुकूम करीत नाही. व्होल्वो कंपनीने २०१८ मध्ये ३६०सी ही कल्पना मांडताना हेच तत्त्व स्वीकारले होते: वाहनाने स्वतःचा इरादा जाहीर करावा, इतरांना आदेश देऊ नयेत. हा विवेक मला या क्षेत्रातील फार महत्त्वाचा वाटतो. ‘मी थांबत आहे’ या विधानाची जबाबदारी वाहनावर राहते, ‘तू जा’ या फर्मानाचे परिणाम मात्र चालणाऱ्याला भोगावे लागतात.

संवर्धित वास्तवाचे खरे बलस्थान इथेच आहे. चष्म्यातील संकेत एकाच माणसासाठी असतो. तो त्याच्या भाषेत, त्याच्या चालीच्या गतीला अनुरूप असा देता येतो, आणि एका वाहनाची नव्हे तर सगळ्या मार्गिकांची गोळाबेरीज करून देता येतो. जर्मनीतील ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठाच्या हेसेनियस प्रभृती संशोधकांनी २०१८ मध्ये, स्वयंचलित वाहनांच्या गर्दीतून माणसाला वाट दाखवण्याची कल्पना याच आधारावर मांडली, आणि सिडनीच्या ट्रॅन, पार्कर, टोमिच आदींनी अनेक वाहने एकाच वेळी येत असतील तर चष्म्याने काय दाखवावे, याचा प्रश्न २०२२ मध्ये हाती घेतला. परंतु सर्वांत पद्धतशीर काम झाले ते नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठ आणि इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठ यांच्या सहकार्याने. विल्बर्ट टाबोने, यी मुन ली, नताशा मेरॅट, रीन्डर हापी आणि योस्ट डी विंटर यांनी २०२१ मध्ये नऊ रचना तयार केल्या, आणि प्रत्येकीमागे मानवी दृष्टी व लक्ष यांविषयीचे सिद्धान्त ठेवले.

त्या नऊ रचनांपैकी काहींचे स्वरूप येथे सांगणे अगत्याचे आहे. एकीत, जेथे पट्टे नाहीत अशा रस्त्यावर चष्मा झेब्रा क्रॉसिंग अंथरतो. दुसरीत पलीकडच्या काठावर पादचाऱ्यांचा तांबडा-हिरवा दिवा उभा राहतो, जो खऱ्या जगात तेथे नसतोच. तिसरीत येणाऱ्या गाडीच्या पुढे एक रंगीत फलक तरंगतो, आणि तिच्याच एका भावंडात तो फलक गाडी जवळ येईल तसतसा फुगत जातो, कारण अंगावर येणारी आणि वाढत जाणारी वस्तू पाहताच मागे सरण्याची आपली सहजप्रवृत्ती फार जुनी आहे. आणखी एकीत ओलांडण्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना अर्धपारदर्शक कुंपण उभे राहते आणि वाहन थांबले की समोरचे फाटक उघडते. एकीत गाडीच्या पुढे तिचीच छायाकृती धावते आणि गाडी पुढील क्षणी कोठे असेल ते दाखवते. उरलेल्यांपैकी काही संकेत रस्त्याला न चिकटता माणसाच्या दृष्टीबरोबर फिरतात, म्हणजे मान कोठेही वळवली तरी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

या रचनांविषयी जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांतील ९९२ व्यक्तींची मते घेतली गेली आणि तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्याच नऊ रचना लीड्स विद्यापीठाच्या प्रयोगदालनात ३० व्यक्तींसमोर ठेवण्यात आल्या. हे दालन ९ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. त्याच्या भिंतींवर आणि जमिनीवर एका रस्त्याचे जिवंत चित्र उमटते, आणि माणूस त्यात खरोखर पावले टाकून चालू शकतो. अंगावर येणारी गाडी खोटी आहे हे ठाऊक असूनही तेथे माणूस थबकतो, आणि त्या थबकण्याचा काळ शास्त्रज्ञांना मोजता येतो. ज्या प्रश्नाची परीक्षा खऱ्या रस्त्यावर घेणे अमानुष ठरेल, त्याची परीक्षा या दालनामुळे शक्य झाली.

या सगळ्या खटाटोपातून जे निष्पन्न झाले, त्यातील एक गोष्ट मला विचारास प्रवृत्त करणारी वाटते. लोकांना सहज उमगल्या त्या रचना प्रामुख्याने जुन्या चिन्हांवर आधारलेल्या होत्या, म्हणजे पट्टे आणि दिवे. लंडनमध्ये पार्लमेंटसमोर पहिला वाहतूक-दिवा १८६८ च्या डिसेंबरात लागला. तो गॅसवर चालत असे आणि महिन्याभरातच त्याचा स्फोट झाला. तेथील रस्ता ओलांडण्याच्या जागांवर पिवळ्या गोलाचे खांब १९३४ मध्ये आले, आणि काळे-पांढरे पट्टे १९५१ मध्ये कायद्याने प्रस्थापित झाले. अत्यंत प्रगत चष्म्यालाही अखेर हाच वारसा उसना घ्यावा लागतो. फरक एवढाच की खांबावरचा दिवा सर्वांना सारखाच दिसतो. पादचारी, चालक, पोलीस आणि उद्या प्रसंग पडल्यास न्यायालय, या सर्वांच्या दृष्टीने तो एकच पुरावा असतो. चष्म्यातील दिवा एका माणसालाच दिसतो, आणि तो तांबडा होता की हिरवा होता याची साक्ष चष्मा बनवणाऱ्या कंपनीच्या दप्तरात राहते.

आता तंत्राच्या मर्यादा पाहू. चार मार्गिकांचा सुमारे १४ मीटर रुंद रस्ता सर्वसाधारण चालीने ओलांडायला १२ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १६७ मीटर अंतर कापते. तेव्हा चष्म्याला केवळ समोरचे नव्हे, तर वळणाआडचे वाहनही ठाऊक असले पाहिजे, आणि ते वाहनाने स्वतःहून कळवल्याशिवाय अशक्य आहे. संदेश यायला आणि चित्र उमटायला एक दशांश सेकंद विलंब झाला, तर त्या वेगाला वाहन जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या उपकरणात चित्र दिसण्याचा टापू कर्णरेषेवर सुमारे ५२ अंशांचा होता, तर दोन्ही डोळ्यांनी आपल्याला आडवे दिसणारे जग २०० अंशांच्या आसपास पसरलेले असते. धोका बहुधा कडेने येतो, आणि त्या कडेला चष्मा मुका असतो. वैशाखातल्या दुपारच्या उन्हात पारदर्शक काचेवरचे प्रकाशचित्र कितपत टिकेल, हा प्रश्न आपल्याकडे तर अधिकच तीव्र आहे.

याहून खोल आक्षेप मनाच्या स्वभावाशी निगडित आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रात १९८० च्या सुमारास वैमानिकांवर एक प्रयोग झाला. विमान उतरवताना लागणारी सर्व माहिती समोरच्या काचेवरच प्रकाशाने उमटवली होती, म्हणजे नजर धावपट्टीवरून हलवण्याचे कारणच उरले नव्हते. तरीही धावपट्टीवर आडवे आलेले दुसरे विमान काही अनुभवी वैमानिकांच्या लक्षात आलेच नाही, आणि ते उतरत राहिले. डोळे त्या विमानावर होते, चित्त मात्र काचेवरच्या आकड्यांत होते. ज्या माणसाचे आयुष्य अशा उपकरणांच्या सरावात गेले त्याची ही अवस्था, तर हातात भाजीची पिशवी आणि बोटाला नातू असलेल्या आजोबांकडून आपण काय अपेक्षा करावी? संकेत जितका आकर्षक तितका तो खऱ्या वाहनावरून लक्ष खेचून घेणारा, आणि संकेत जितका विश्वासार्ह तितकी माणसाची स्वतःची दक्षता सैल करणारा. शंभर वेळा खरे ठरलेले यंत्र एकशेएकाव्या वेळी चुकते तेव्हा माणूस पूर्णपणे बेसावध असतो.

यापलीकडे प्रश्न येतो तो हक्काचा आणि उत्तरदायित्वाचा. ॲरिझोना राज्यातील टेम्पी येथे १८ मार्च २०१८ रोजी रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री स्वयंचलित चाचणी-वाहनाखाली सापडून मरण पावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत उघड झाले की, वाहनाच्या यंत्रणेला ती धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधीच दिसली होती, परंतु ती नेमके काय आहे हे यंत्रणा ठरवू शकली नाही. आणि पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती. देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचेही लक्ष रस्त्यावर नव्हते. त्या स्त्रीच्या डोळ्यांवर चष्मा असता तरी ज्या यंत्रणेला तिची ओळख पटली नाही ती तिला कोणता संकेत देणार होती? पादचाऱ्याच्या हातातील दूरध्वनी आणि वाहन यांनी परस्परांना आपले अस्तित्व कळवावे, असे प्रात्यक्षिक होंडा आणि क्वालकॉम यांनी २०१३ मध्येच करून दाखवले होते. पण ज्याच्या खिशात तसा दूरध्वनी नाही, तो वाहनाच्या हिशेबात कमी प्रमाणात अस्तित्वात आहे, असे होता कामा नये. डेल्फ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ज्या १६ तज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, त्यांनीही चष्म्याची उपयुक्तता मान्य करीत असताना खाजगीपणा, वापरातील सुलभता आणि सर्वसमावेशकता यांविषयी शंका नोंदवल्या. माणूस कोणत्या क्षणी कोठे उभा होता याची नोंद करणारे यंत्र कोणाच्या ताब्यात राहील, हा प्रश्न गौण नव्हे.

आपल्या देशापुरते पाहिले तर या तंत्राचा आधारच येथे अजून नाही. दुचाकी, रिक्षा, हातगाडी, बस आणि उलट दिशेने येणारा फटफटीवाला यांच्या संमिश्र ओघातील बहुसंख्य वाहने कोणालाच आपला इरादा विद्युत्-संदेशाने कळवीत नाहीत. चालकाविना वाहनांना येथे परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. उलटपक्षी कायदा आपल्याकडे दुबळा नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी दिवा नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट देण्याचे बंधन चालकावर घातले आहे. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, निर्वेध आणि अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील हक्काचा भाग असल्याचे सांगितले. धोरण आहे, विनियम आहे, न्यायनिर्णय आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि ती कोणत्याही काचेतून भरून निघणारी नाही.

याचा अर्थ हे संशोधन आपल्या कामाचे नाही, असा मुळीच नव्हे. कर्णबधिर माणसाला मागून येणाऱ्या विजेच्या बसची चाहूल देणे, मंददृष्टीच्या माणसाला पदपथाची कड ठळक करून दाखवणे, ही कामे चष्मा करू शकेल आणि तेथे तो सोय नसून न्याय ठरेल. त्याहूनही तातडीचा उपयोग असा की एखाद्या चौकात नवे क्रॉसिंग, मधला थांबा किंवा उंचावलेला पट्टा बांधण्यापूर्वी लीड्ससारख्या दालनात तो चौक हुबेहूब उभा करावा, आपल्याच शहरातील वृद्ध, शाळकरी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्यात चालवून पाहावे, आणि मग डांबर व सिमेंट ओतावे. युरोपातील शिस्तबद्ध मार्गिकांवर घेतलेली मते आपल्या रस्त्याला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. तेव्हा हे काम आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि पालिकांनी मिळून येथेच केले पाहिजे. आणि पादचाऱ्याने चष्मा वा दूरध्वनी बाळगावा अशी कोणतीही योजना पालिकेच्या सभेपुढे आली, तर सभासदांनी आणि नागरिकांनी तिच्या मंजुरीआधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर मागावे: ज्याच्याजवळ यांतले काहीही नाही, त्याच्यासाठी वाहन कशाच्या आधारे थांबेल?